पन्नास वॅटचा ‘टर्बो’ आणि सिंहगडाचा चढ

वाचकाचं पत्र

माझी २०१४ ची वॅगन आर आहे. एक लिटरचं इंजिन, कंपनीचाच सीएनजी, ९० हजार किलोमीटर झालेत. रविवारी घरचे पाच जण घेऊन सिंहगडावर निघालो की वरच्या वळणांवर गाडी रडकुंडीला येते. तिसऱ्यात ओढत नाही, दुसऱ्यात टाकली की नुसती ओरडते. ऑनलाइन २,४९९ रुपयांना ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ मिळतोय. एअर फिल्टरच्या पाइपात बसवायचा, बॅटरीला दोन वायरी जोडायच्या, की २० टक्के ताकद वाढते आणि वर ॲव्हरेजही, असं लिहिलंय. भाचा म्हणतो, घेऊन टाका. नाना पेठेतला ओळखीचा फिटर म्हणतो, पैसे पाण्यात. खरं कोणाचं? आणि घेतलाच तर नेमका कुठे बसवायचा?
(एक वाचक, धायरी)

उत्तर

खरं फिटरचं. पण नुसतं ‘पैसे पाण्यात’ म्हटल्याने भाच्याचं समाधान होणार नाही, म्हणून हिशोबच मांडतो.

तत्त्व खोटं नाही, आणि म्हणूनच ही वस्तू विकली जाते. सिलिंडरमध्ये जितकी हवा जाईल तितकंच पेट्रोल नीट जळतं. हवा दाबून जास्त भरली की ताकद वाढते. टर्बो हेच करतो, सुपरचार्जरही हेच करतो. प्रश्न एवढाच की हवा दाबायला किती जोर लागतो आणि त्या डबीतल्या पंख्यात तो किती आहे.

तुमचं इंजिन ९९८ सीसीचं, चार स्ट्रोकचं. दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. ६,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर, त्याने मिनिटाला तीन हजार लिटर हवा ओढायला हवी. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाहीत, म्हणून ८५ टक्के धरू. सेकंदाला सुमारे ४२ लिटर झाली. ऑफिसात येणारे पाण्याचे वीस लिटरचे दोन जार दर सेकंदाला रिकामे होताहेत असं समजा. ही हवा ०.३ बारने दाबायची, म्हणजे टर्बोवाल्यांच्या भाषेत साधारण साडेचार पीएसआय बूस्ट (जादा दाब). हा फार नाही, अगदी माफक बूस्ट झाला. तरी बऱ्यापैकी चांगल्या कॉम्प्रेसरलाही त्यासाठी शाफ्टवर सुमारे दोन किलोवॅट लागतात. मोटरची गळती धरून बॅटरीकडून जवळपास अडीच किलोवॅट. गाडीच्या साडेतेरा व्होल्टवर हे १८० अँपिअर होतात. छोट्या गाडीचा अल्टरनेटर साठ-ऐंशी अँपिअरचा असतो आणि त्यातच हेडलाइट, एसीचा पंखा, फ्युएल पंप सगळं चालवायचं असतं.

आता त्या २,४९९ च्या डब्याची वायर बघा. मोबाइलच्या चार्जरपेक्षा थोडी जाड. पंखा घेतो चारेक अँपिअर, म्हणजे पन्नास वॅट. बहुतेक वेळा हा बोटीच्या तळाशी साठलेली पेट्रोलची वाफ बाहेर काढायचा ब्लोअर असतो, नाहीतर त्याचाच भाऊ; वर क्रोमचा रंग आणि ‘टर्बो’चं स्टिकर. बोटीत तो आपलं काम चोख करतो. तिथे हवा हलवायची असते, दाबायची नसते.

जाहिरातीतला गोंधळ इथेच आहे. ‘मिनिटाला सहा हजार लिटर’ असा काहीतरी आकडा दिलेला असतो, आणि तो तुमच्या इंजिनाच्या गरजेपेक्षा दुप्पट दिसतो. पण तो मोकळ्या हवेतला आकडा, समोर काहीच अडथळा नसतानाचा. टेबल फॅनसमोर फुगा धरून पाहा. खोलीभर वारा घालणारा पंखा फुगा फुगवू शकत नाही, तो लहान मूल फुंकून फुगवतं. वारा आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंजिनाला पाहिजे दाब.

पन्नास वॅटमधून किती दाब निघेल? मोटर निम्मी वीज उष्णतेत घालवते, पाती उरलेल्यातली निम्म्याहून जास्त. हवेपर्यंत पोचतात दहा वॅट. सेकंदाला ४२ लिटरवर त्याचा दाब होतो सुमारे २३५ पास्कल, पाणी अडीच सेंटिमीटरही वर उचलणार नाही एवढा. ०.३ बार म्हणजे ३०,००० पास्कल. इंजिनाला मिळालेला फायदा पाव टक्का, एका पीएसचा (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) सहावा हिस्सा. ते पन्नास वॅट तयार करायला अल्टरनेटर इंजिनाकडून शंभरेक वॅट घेतो. त्यात या सहाव्या हिश्श्यातला बराचसा भाग परत जातो. हातात उरतो तो पंख्याचा आवाज.

पुणेकरांना हा आकडा आणखी सोप्या रीतीने कळेल. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर राहतो. मुंबईत हवेचा दाब १०१ किलोपास्कल, पुण्यात ९४-९५. म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरून मुंबईत गेलात की इंजिनाला जवळपास सात टक्के जास्त हवा फुकट मिळते. पंख्याचे २३५ पास्कल म्हणजे किती मीटर उतरणं? बावीस. सात मजली इमारतीच्या गच्चीवरून पार्किंगमध्ये गाडी आणल्यावर इंजिनात जेवढा फरक पडेल, तेवढा हा ‘सुपरचार्जर’ पाडतो.

भाच्याला आकडे पटत नसतील तर घरीच पाहता येईल. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तो पारदर्शक पाइप दीड-दोन मीटर आणा. इंग्रजी यूसारखा वाकवून भिंतीला टेपने चिकटवा, निम्म्यापर्यंत पाणी भरा, चिमूटभर कुंकू घाला म्हणजे पातळी दिसेल. पंख्याचं हवा बाहेर टाकणारं तोंड पुठ्ठ्याने बंद करून कडा टेपने नीट सील करा, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात पाइपाचं एक टोक घट्ट बसवा. मग पंखा बॅटरीवर दहा सेकंद चालवा, जास्त नको, तोंड बंद असताना मोटर तापते. दोन बाजूंच्या पाण्यात पाच-सहा सेंटिमीटरचा फरक पडला तरी खूप. एक पीएसआयला सत्तर सेंटिमीटर लागतात. जाहिरातीतले पाच पीएसआय खरे असते तर पाणी साडेतीन मीटर चढलं असतं, म्हणजे पाइपातून उडून थेट छताला लागलं असतं. नंतर त्याच पाइपात तोंडाने फुंका. पंख्यापेक्षा तुम्हीच पाणी वर न्याल.

मग ‘लावल्यावर पिकअप वाढला’ असं सांगणारे सगळे खोटं बोलतात का? नाही. पंखा बसवताना एअर फिल्टर झटकला किंवा बदलला जातो. बॅटरीची वायर काढली की ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) शिकलेली मूल्यं पुसली जातात आणि काही दिवस गाडी वेगळी वाटते. पाइप उघडा ठेवला तर इंजिन जास्त घुमतं, आणि कानाला आवाज म्हणजे वेग वाटतो. शिवाय काही किटमध्ये एक ‘चिप’ असते. ती उघडून पाहिली तर आत एक रेझिस्टर निघतो. तो हवेच्या तापमानाच्या सेन्सरला खोटं सांगतो की हवा थंड आहे. ईसीयू थोडं जास्त पेट्रोल घालतो. ऑक्सिजन सेन्सर ते ओळखून परत कमी करत राहतो. या भांडणात वाढतो तो फक्त पेट्रोलचा खर्च.

ॲव्हरेजचा दावा तर स्वतःशीच भांडतो. ताकद वाढली तर जास्त हवेबरोबर जास्त इंधनही जळालं असणार. आणि रोजच्या कर्वे रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल (हवेच्या वाटेवरची झडप) अर्धवट मिटलेलाच असतो. तुम्हीच हवा अडवून धरली असताना मागून पंख्याने ढकलून काय साधणार?

तोटा मात्र होऊ शकतो. पंखा बंद असेल तेव्हा त्याची पाती आणि मधली मोटर पाइपात अडून बसतात. पूर्ण वेगाला इंजिन स्वतःच इतकी हवा ओढतं की पंखा वाऱ्यावर फिरतो आणि मदत करण्याऐवजी वाट अडवतो.

खरा इलेक्ट्रिक सुपरचार्जर असतो, हेही भाच्याला सांगा म्हणजे त्याचा हिरमोड होणार नाही. २०१६ च्या ऑडी एसक्यू७ डिझेलमध्ये दोन टर्बोंच्या जोडीला विजेवरचा कॉम्प्रेसर दिला. पाव सेकंदात तो ७०,००० आरपीएमला जातो आणि ७ किलोवॅट खातो. बारा व्होल्टवर हे जवळपास ५८० अँपिअर झाले असते, म्हणून त्या गाडीत वेगळी ४८ व्होल्टची यंत्रणा आणि वेगळी बॅटरी घातली. तीही टर्बो जागा होईपर्यंतची दोन क्षणांची पोकळी भरायला, सतत चालवायला नाही. मर्सिडीजच्या सहा सिलिंडरच्या एम२५६ इंजिनातही असाच ४८ व्होल्टचा कॉम्प्रेसर आहे. आणि तुमच्याच ९९८ सीसीत टर्बो लावून काय होतं ते बलेनो आरएसमध्ये दिसलं: १०२ पीएस. पण तिथे पिस्टन, इंजेक्शन, कूलिंग, ईसीयू सगळं त्या हिशोबाने केलेलं होतं. तुमच्या इंजिनात खरोखर ०.३ बार कोंबले तर आत जाणारी हवाच चाळीसेक अंशांनी तापेल, ती थंड करणारा इंटरकूलर नसल्याने निम्मा फायदा तिथेच जाईल, आणि चढावर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी खटखट) सुरू होईल.

आता तुमची गाडी

पत्रातला खरा शब्द ‘सुपरचार्जर’ नाही, ‘सीएनजी’ आहे. गॅस ही गॅसच असल्यामुळे सिलिंडरमध्ये जागा अडवते. मिथेनच्या एका भागाला हवेचे साडेनऊ भाग लागतात, म्हणजे आत येणाऱ्या दर साडेदहा लिटरमधला एक लिटर गॅसचा. त्या एक लिटरची हवा बाहेरच राहिली. तुमच्या इंजिनाचे कंपनीचे आकडेही हेच सांगतात: पेट्रोलवर ६८ पीएस, सीएनजीवर साधारण ५९.

सिंहगड तेराशे मीटरच्या आसपास. पायथ्यापासून वर जाता जाता हवेचा दाब आणखी सात-आठ किलोपास्कलने उतरतो; वर तो ८७ च्या आसपास राहतो. ५९ हा समुद्रसपाटीचा, १०१ किलोपास्कलचा आकडा; तो ८७ च्या प्रमाणात कापला की पन्नास-एकावन्न पीएस उरतात. त्यात एसीचा कॉम्प्रेसर दोन-तीन पीएस खातो. गाडीत पाच माणसं, डब्यात पिठलं-भाकरी नसली तरी साडेतीनशे किलो. ६८ ची म्हणून घेतलेली गाडी शेवटच्या वळणांवर ४८ ची झालेली असते. तिने रडू नये तर काय करावं?

म्हणून पायथ्याच्या चेकपोस्टवर थांबलात की बटण दाबून पेट्रोलवर घ्या. सात-आठ पीएस तिथल्या तिथे परत. अवघड वळणांवर एसी बंद करा. आणि दुसरा गिअर ‘ओरडतो’ म्हणून घाबरू नका. या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे ओढ, ३,५०० आरपीएमला आहे. तिसऱ्यात १,८०० वर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवण्यापेक्षा दुसऱ्यात ३,५०० वर अर्धा दाबणं इंजिनालाही बरं आणि क्लचलाही.

एवढं करूनही पेट्रोलवर गाडी मंद वाटली तर दोष शोधायचा. २,४९९ तिथे वापरा.

पहिली तपासणी स्वतः करता येते. गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मिळतो. इंजिन बंद, चावी ऑन, आणि मोबाइलवर ‘इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर’ बघा. धायरीत ९४ किलोपास्कलच्या आसपास दिसेल, ती बाहेरच्या हवेची पातळी. मग गाडी गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ४,००० च्या वर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, आकडा शेजारी बसलेल्याने वाचायचा. निरोगी गाडीत तो बाहेरच्यापेक्षा दोन-तीनने कमी असतो. सहा-सातने कमी असेल तर हवेची वाट तुंबली आहे: फिल्टर, पाइप किंवा थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर. धायरी-नऱ्हे भागातली बांधकामाची धूळ पाहता कंपनीने लिहिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच फिल्टर उघडून पाहावा. (हाच आकडा भाच्याच्या पंख्याचीही परीक्षा घेईल. पूर्ण थ्रॉटलला ९४ च्या वर गेला तर बूस्ट, नाहीतर वारा.)

मग स्पार्क प्लग. तीनच आहेत, तिन्ही एकदम बदला. सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर लोडला मिस करतो.

क्लच तपासायला चौथ्यात ताशी ४० वर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम पळाले आणि वेगाचा काटा जागीच राहिला तर क्लच प्लेट संपली आहे. ९० हजारांवर यात नवल नाही. चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा, ब्रेक घासत असतील तर तिथेही ताकद जाते.

सीएनजीच्या गाडीत आणखी एक गोष्ट आवर्जून बघायची, ती कॉम्प्रेशन. गॅस कोरडी जळते, एक्झॉस्ट वॉल्व्हची सीट झिजते, क्लिअरन्स (वॉल्व्हच्या वरची मोकळी फट) कमी होत जातो आणि एक दिवस वॉल्व्ह नीट मिटतच नाही. फिटरला सांगा: इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, मग स्टार्टर पाच-सहा फेऱ्या. गेजवर १२ ते १४ किलो यायला हवेत आणि तिन्हींत फरक एक किलोच्या आत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. वॉल्व्ह क्लिअरन्सवर भागलं तर स्वस्तात सुटलात.

हे सगळं ठीक निघालं आणि गाडी फक्त वरच्या आरपीएमला गुदमरत असेल तर कॅटलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) तुंबलाय का बघा. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावतात. २,५०० आरपीएमला तीन पीएसआयच्या वर गेला तर अडथळा आहे.

तरी बसवायचाच असेल तर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. विम्याच्या दाव्यातही कंपनी यावर बोट ठेवू शकते. हे माहीत असू द्या.

पंखा फिल्टरच्या आधी बसवा, नंतर कधीही नाही. स्वस्त प्लॅस्टिकची पाती बॉनेटखालच्या उष्णतेने ठिसूळ होतात. तुकडा तुटला तर फिल्टरमध्ये अडकू दे, सिलिंडरमध्ये नको. वायर थेट बॅटरीवरून घेणार असाल तर बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात १० अँपिअरचा फ्यूज, मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच), आणि रिलेला इग्निशनवरून सिग्नल, म्हणजे चावी काढल्यावर पंखा रात्रभर फिरत राहणार नाही. ही मोटर ब्रशवाली असते, आत ठिणग्या पडतात. सीएनजीचा रेग्युलेटर किंवा पाइपाचे जोड जवळ असतील तिथे ती अजिबात बसवू नका.

आणि त्याचं तोंड बंपरच्या मागे खाली ‘थंड हवा मिळावी’ म्हणून आणू नका, व्हिडिओत हमखास तसं दाखवतात. जुलैत सिंहगड रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं की ते तोंड सगळ्यात आधी बुडेल. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर गेलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग फिटरकडे इंजिन उतरवायलाच जावं लागेल.